पंचांसमक्ष काढलेली चित्रं

आमच्या शेजारच्या वानखडेकाकांनी काढलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्राच्या पाठीमागे माझी सही आहे.

मला चित्रातलं काही कळतं असं नाही. मी बुलढाण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि माझ्या हातून सरळ रेघसुद्धा पट्टीशिवाय निघत नाही. सही आहे ती पंच म्हणून. दुसरी सही माझ्या नवऱ्याची. त्यांना तर वांगं आणि दोडका यातलाही फरक बाजारात सांगता येत नाही, पण काकांचं त्यांच्याबद्दल मत फार चांगलं आहे.

पहिल्यांदा काका आले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझा डबा व्हायचा होता. हातात एक चित्र. त्यात एक वांगं, एक तांब्या आणि दोन कांदे.

"ताई, सही पाह्यजे होती."

मी चित्र उलटं केलं. मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर चित्रातील वांगे जागेवर प्रत्यक्ष होते. वांग्याची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस तांब्या, पश्चिमेस भिंत, उत्तरेस कांदे नग दोन, दक्षिणेस चित्रकार.'

"काका, पण मी वांगं बघितलंच नाही."

"मंग चाला ना. जागेवरच हाय."

गेले. वांगं होतं. चारही बाजूंना जे असायला हवं ते होतं. सही केली आणि परत येऊन करपलेली भाजी डब्यात भरली. ते वांगं पुढे नऊ दिवस त्या जागेवर होतं, कारण चित्रात अजून देठ यायचा होता. शेवटी शांताकाकूंनी नाकाला पदर लावून ते उचललं. "भरताले बी गेलं अन् भाजीले बी गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. काकूंनी काकांबरोबर सारा संसार अशाच एकेका वाक्यात केला आहे.

काका सरकारी भूमापक होते. म्हणजे लोकांची शेतं मोजून देणं हा त्यांचा धंदा. सारी नोकरी त्यांनी टेप, खुंट्या आणि हद्दीचे दगड यांच्या सोबतीत काढली. त्यांनी घातलेली हद्द कोर्टातही हलली नाही, असं लोक सांगतात. काका स्वतः सांगत नाहीत, फक्त लोक सांगत असताना ऐकत उभे राहतात. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, तीर्थयात्रा करतात, कॉलनीतल्या नळाबद्दल अर्ज करतात. काकांनी चित्रकला महाविद्यालयात नाव घातलं.

"साऱ्या जिल्ह्याचे नकाशे काढले ताई, पन रंग कोनी भरू देल्ला नाही."

प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि काका काही बोलायच्या आत सांगून टाकलं की कंपाउंडची भिंत त्यांच्या आधीच्या प्राचार्यांच्या काळातली आहे. काकांनी बशीत चहा ओतला, भिंतीकडे एकदा बघितलं, "दोन फूट भायेर हाय," म्हणाले आणि प्रवेशअर्ज पुढे केला. वयाचा प्रश्न निघाला नाही.

वर्गातली पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात ती त्यांना काका म्हणायची, दुसऱ्या आठवड्यापासून साहेब. काकांनी वर्गात सगळ्यांसारखा चित्रफलक घेतला नाही. नोकरीतली जुनी तिपाई माळ्यावरून काढली, तिच्यावर फळी बसवली आणि रोज कॉलेजच्या दारातून तिचे तीन पाय वर करून आत जायला लागले. बसवल्यावर पाण्याच्या पातळीची बाटली ठेवून ती समपातळीत आहे का ते बघायचं, मगच कागद. तोपर्यंत बाकीच्यांची चित्रं निम्मी झालेली असत.

माणसाचं चित्र काढायचा दिवस आला. कॉलेजचा शिपाई स्टुलावर बसला. पोरांनी पेन्सिली काढल्या, काकांनी टेप काढला. नाकापासून कानापर्यंत, कानापासून खांद्यापर्यंत, कपाळ आडवं, कपाळ उभं. शिपायाने हनुवटीपर्यंत धीर धरला.

"साहेब," तो म्हणाला, "मले कपडे नाही शिवाचे."

चित्र पूर्ण झालं तेव्हा नाक बरोबर होतं, कान बरोबर होते, डोळ्यांतलं अंतर तर मिलिमीटरात बरोबर होतं. फक्त तो शिपाई नव्हता. शिपायाच्या बायकोने बघून विचारलं की हे गृहस्थ कोण. काकांनी तिला मोजमापाचा तक्ता दाखवला. तिचं समाधान झालं नाही.

शिकवणाऱ्या मॅडम काकांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मोजू नका. बघा."

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले आणि पायरीवरच बसले. आत या म्हटलं तरी येईनात.

"ताई, तुमी मराठीच्या. बघनं म्हंजे नेमकं काय करतेत?"

मी म्हटलं, निरीक्षण करणं, नीट न्याहाळणं.

"ते तं मी टेप लावाच्या आधी करतोच."

"मग मनात साठवणं."

"साठवनं," काका म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या फाटकासमोर खुर्ची टाकून अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसायला लागले. रोज एक तास. हातात काही नाही. तीन दिवसांत कॉलनीभर झालं की आमची हद्द वादात आहे. चौथ्या दिवशी मागच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी आपली पाण्याची टाकी कोणाला न सांगता फूटभर आत सरकवून घेतली. मी काकांचे आभार मानले. त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही, ते अजून शेवगा साठवत होते.

मग कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन जाहीर झालं. विषय होता 'माझं गाव'. काकांचं गाव अमडापूरच्या पलीकडे, शेतीचं. तिथे त्यांचा हिस्सा आहे, बटाईने लावलेला. ते तिपाई घेऊन एसटीने जायला लागले. एका रविवारी आम्हा दोघांनाही नेलं, कारण पंचांनी जागा आधी बघितलेली बरी. काकू डबा घेऊन बरोबर होत्या.

जागा अशी. हरभरा नुकता वर आलेला, मध्ये एक बांध, बांधाच्या अलीकडे काकांची विहीर. बांधाच्या पलीकडे एक माणूस पाणी देत होता. आम्ही चौघं बोलत, आवाज करत आलो, तरी त्याने मान वळवली नाही. त्याची पाठ आमच्याकडेच राहील अशा बेताने तो सरकत होता.

"ते कोण?" मी विचारलं.

काकांनी गट नंबर सांगितला.

काका तिपाई समपातळीत आणायला लांब गेले तेव्हा काकू बोलल्या. एरवी एका वाक्यात भागवणाऱ्या बाईने त्या दिवशी सगळं सांगितलं. "त्याईचा भाऊ हाय. भास्कर. लहाना. या बांधावर आंबा होता ताई, सासऱ्याच्या हातचा. वाटनी झाली तवा मोजाले दुसरे साहेब आले होते. आंबा मधातच निंघाला. ते म्हने राहू द्या दोघाईचा. आमच्या साहेबाईले ते पटलं नाही. नकाशात दोघाईचं असं काही नसते म्हने. स्वतः टेप धरला, दुसऱ्यांदा मोजलं, अन् आंबा दीड हात आमच्या हिश्शात काढला. भास्कर भांडला नाही. घे, म्हनला, अन् गेला. अकरा वर्षं झाले."

"मग आंबा कुठाय?"

"विहिरीच्या आड येत होता म्हून तोडला ना यायनंच." काकूंनी विहिरीकडे बघितलं. "मोजनी बरोबरच होती. ते तं भास्कर बी म्हनते, लोकायजवळ. पन आता यायले जेवन जात नाही. भास्करनं परदर्शनाले यावं, एवढंच मनात हाय. तोंडानं बोलाची सोय नाही, म्हून चिठ्ठी धाडली."

चिठ्ठी म्हणजे प्रदर्शनाची छापील निमंत्रणपत्रिका. काकांनी ती सख्ख्या भावाला रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली होती. परतलेल्या पोचपावतीवर भास्करची सही होती आणि ती त्यांनी तारखेप्रमाणे फायलीत लावली होती. सही खरी आहे का, हे वाटणीच्या वेळच्या खातेफोडीच्या कागदावरून पडताळूनही बघितलं होतं. मला काकांचा राग आला, खरंच आला. आणि बांधापलीकडची ती पाठ बघून वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

प्रदर्शन चार दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. दोन पोरींनी गावचा बाजार काढला होता, एकाने गावातला मोबाइलचा टॉवर, एकाने देऊळगाव राजाच्या बसची खिडकी. कोपऱ्यात काकांचं चित्र. हरभरा, बांध, विहीर. आणि बांधाला लागून एक मोठा आंबा.

झाड थोडं वाकडं होतं. हिरवा रंग रेघेबाहेर गेला होता, खोडापाशी पाणी जास्त होऊन ओघळला होता. काकांच्या चित्रांपैकी मी ज्याच्यासमोर आपणहून उभी राहिले असं ते पहिलं चित्र.

"काका, तिथे झाड नाहीये."

"नाही."

मी चित्राची कडा जरा उचलून मागे बघितलं. कागद कोरा होता.

"मग सही?"

"याच्यावर नाही मांगत मी," काका म्हणाले आणि सदऱ्याची बटणं नीट करायला लागले. ती नीटच होती.

चारही दिवस ते दहा ते पाच तिथे उभे होते, इस्त्रीच्या कपड्यात. अमडापूरकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. गाडीची वेळ झाली की ते कॉलेजच्या फाटकापर्यंत जात, स्टँडवरून चालत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबत आणि परत येऊन चित्राशेजारी उभे राहत. पोरांना ते कळलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांसाठी फाटकाशी एक स्टूल नेऊन ठेवलं. काका त्याच्यावर बसले नाहीत.

चौथ्या दिवशी साडेचारला मॅडमनी चित्रं उतरवायची यादी काढली. काकू, मी आणि चार पोरं होतो. काका नुकतेच फाटकावरून एकटे परत आले होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि चित्राच्या टाचण्या स्वतःच काढायला हात वर केला.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. चेहरा मी बघितलेला नव्हता, पण खांद्यांच्या ठेवणीवरून ओळखलं. काकांनी हात खाली घेतला आणि खिडकीकडे सरकले.

भास्करराव सरळ कोपऱ्याकडे आले नाहीत. पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. बाजार बघितला, टॉवर बघितला, बसची खिडकी बघितली. प्रत्येकासमोर सारखा वेळ. मॅडमनी यादी दुमडून हातात धरली होती.

काकांच्या चित्रासमोर मात्र ते थांबले ते थांबलेच. टोपी काढली. जवळ गेले, पुन्हा मागे आले. मग माझ्याकडे वळून, जणू चित्रकाराचं त्यांना नावही ठाऊक नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, ह्यानं आंबा बांधाच्या कोनत्या अंगाले काढला?"

मी चित्राकडे बघितलं. इतक्या दिवसांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. विहीर बांधाच्या अलीकडे होती. आंबा पलीकडे. पूर्ण, मुळासकट, दीड हात पलीकडे.

"पलीकडच्या," मी म्हटलं.

"मोजनीत तं इकडं होता."

खिडकीपासून काकांचा आवाज आला. "मोजनी बरोबर होती." मग ते खिडकीपासून एक पाऊल पुढे आले. "मी चुकलो, भास्कर."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मीही चष्मा काढून पुसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

भास्कररावांनी पिशवी खाली ठेवली. चित्राकडे बघतच बोलले, आणि बोलताना आवाज मुद्दाम खडा ठेवला होता.

"सारा मले काऊन देल्ला पन? एक फांदी तिकडं बी येत होती ना, दादा. लहानपनी आपुन तिलेच तं लटकू."

काकांच्या खिशात पेन्सिल होती, पण ती काढायला त्यांना फार वेळ लागला. मॅडम काहीतरी म्हणायला पुढे झाल्या, बहुतेक मांडलेल्या चित्राला हात लावता येत नाही वगैरे. मग त्यांनीच टाचण्या काढल्या आणि चित्र टेबलावर ठेवलं. काका वाकले आणि विहिरीच्या अंगाला एक फांदी काढायला लागले. टाचण्या काढलेला कागद टेबलावर सरकत होता. भास्कररावांनी पुढे होऊन त्याचा एक कोपरा दाबून धरला आणि फांदी पुरी होईपर्यंत सोडला नाही.