टेलस्टॉकचा मुक्काम मिरजेला

विलास टिपुगडेच्या जुन्या लेथचा टेलस्टॉक घर सोडून गेला होता आणि गेली काही वर्षं मिरजेत निवृत्त नर्स एस्तर रणभिसे यांच्याकडे राहत होता.

यात त्याची चूक नव्हती. विलासचे वडील रंगराव यांची नजर गेली तेव्हा कोल्हापुरातला त्यांचा कारखाना बंद पडला. काम नसलेल्या लेथवर भाग तरी किती दिवस बसून राहणार? आधी गिअर गेले, मग दांडा पकडून फिरवणारा चक, शेवटी टेलस्टॉक. आता रंगरावांनी अंथरूण धरलं होतं आणि त्यांची एकच मागणी होती: डोळे मिटायच्या आत आपली लेथ चालताना ऐकायची.

विलास स्वतः टर्नर. दुसऱ्याकडची नोकरी सांभाळून त्याने लेथचा गंज खरवडला, तिचा खालचा लांब लोखंडी पाट, म्हणजे बेड, घासून सपाट केला आणि गेलेल्या भागांना निरोप धाडले. गिअर गडहिंग्लजच्या एका बँडपथकात झांजा वाजवत होते; लग्नसराई संपताच सगळे मिळून परत आले. चक इचलकरंजीहून आपणहून आला. टेलस्टॉक तेवढा राहिला. लांब दांड्याचं दुसरं टोक तोच धरतो. त्याच्याशिवाय लेथवर आखूड कामंच व्हायची.

शेवटी विलास मिरजेला गेला. सिस्टरनी त्याला बसवलं. त्यांचे दोन्ही हात सारखे कापत होते. टेलस्टॉकने आतून चहा आणला आणि सिस्टर पिईपर्यंत त्यांचा कप घट्ट धरून ठेवला. भाजी चिरताना विळी धरायची, शिवताना सुई धरायची, रस्ता ओलांडताना सिस्टरचा हात धरायचा, असं त्याचं चाललं होतं. विलासने रंगरावांची इच्छा सांगितली. सिस्टरनी टेलस्टॉककडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "त्याला विचारा, भाऊ. मी अडवणार नाही."

टेलस्टॉक जुन्या बिडाचा, मितभाषी. मालकांनी आठवण काढली म्हटल्यावर आलंच पाहिजे, एवढं तो बोलला. सिस्टरनी त्याला शालीत गुंडाळून दिलं आणि त्या फाटकापर्यंत आल्या.

लेथ सुरू झाली. आवाज ऐकून रंगराव पलंगावर उठून बसले. पण कातलेला दांडा एका टोकाला निमुळता येऊ लागला. विलासने माप लावून पाहिलं, तर टेलस्टॉक पूर्वेला केसभर सरकलेला होता. त्याने तो मध्यावर आणून आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिरज पूर्वेला आहे हे विलासच्या लक्षात यायला आठवडा गेला.

यावर तांत्रिक उपाय होता. लेथ दक्षिणोत्तर होती. विलासने ती पूर्वपश्चिम फिरवली, टेलस्टॉकची बाजू मिरजेकडे. आता ओढ बेडच्याच रेषेत जात होती. दांडा सरळ आला. विलासने वडिलांना हाताला धरून कारखान्यात आणलं. रंगरावांनी आधी दांड्यावरून बोट फिरवलं, मग टेलस्टॉकवर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"काम सरळ आलंय, इलास. पर ह्यो वढतोय. असं बांधून कुणाकडनं काम घ्यायचं न्हाय."

विलासने टेलस्टॉकला विचारलं. तक्रार काहीच नाही, असं त्याने सांगितलं. फक्त सकाळी सिस्टरचा कप कोण धरत असेल, एवढं मनात येतं.

विलास परत मिरजेला गेला आणि आमच्याकडे राहायला चला, म्हणून सिस्टरना आग्रह करू लागला. सिस्टरच्या ब्लाऊजवर चहाचे डाग होते. त्यांनी नकार दिला. घर त्यांनी नोकरीच्या जिवावर बांधलं होतं आणि ते सोडून त्या कुठेही जाणार नव्हत्या.

"पण पुढची खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "फरशीही मजबूत आहे."

कोल्हापुरात भागांची बैठक झाली. गिअरांनी एकमताने होकार दिला. ते दातात दात घातल्याशिवाय कुठलाच निर्णय घेत नाहीत. चकने ओलीचा मुद्दा काढला. खोलीला ओल नाही, असं टेलस्टॉकने खात्रीने सांगितलं, तेव्हा त्यानेही हरकत मागे घेतली. लेथ टेम्पोने मिरजेला गेली. रंगरावांनाही न्यावं लागलं, कारण लेथ ऐकायची त्यांना होती. सिस्टरनी त्यांची खाट खिडकीजवळ लावली आणि औषधांच्या वेळा स्वतःकडे घेतल्या. विलास नोकरी सोडून रोज सकाळच्या गाडीने येऊ लागला.

पुढच्या खोलीत लेथ तिरपी बसली, कारण तशीच मावत होती. विलासने माप लावलं. टेलस्टॉक बरोबर मध्यावर होता आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच राहिला.

रविवारी कारखाना बंद असतो. पहिल्या रविवारी टेलस्टॉक सिस्टरना धरून चर्चला निघाला, तेव्हा चकही तयार होऊन उभा राहिला. त्याला गाणी ऐकायची होती. पाळकसाहेबांनी दोघांचं स्वागत केलं आणि बाकांचं लाकूड जुनं असल्यामुळे त्यांना भिंतीकडेच्या दगडी कट्ट्यावर बसायची विनंती केली. कट्टा थंडगार होता. आठवडाभर फिरून तापलेल्या चकने त्याबद्दल परतीच्या वाटेवर दोनदा समाधान व्यक्त केलं.