अनसेल्मोचं अंत्यदर्शन

अंत्ययात्रा कशी काढावी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! माणसाची नव्हे हो, बेसबॉल संघाची. आमच्याकडे रीतच आहे. अंतिम मालिका संपली की जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या रंगाची शवपेटी करायची, खांद्यावर घ्यायची आणि खोटे गळे काढत गावभर मिरवायची. बाकीचे लोक फ्रिजच्या खोक्याला रंग फासतात आणि म्हणतात, झाली पेटी! मी सुतार आहे. असली फसवाफसवी माझ्या हातून व्हायची नाही.

आमचं गाव बोनाओ, सांतियागो शहर आणि राजधानी यांच्या बरोबर मधोमध. त्यामुळे अर्धं गाव सांतियागोच्या पिवळ्या गरुडांचं आणि अर्धं राजधानीच्या निळ्या वाघांचं. मी जन्मजात पिवळा. चार घरं सोडून राहणारा अनसेल्मो शिंपी माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. सख्ख्या भावापेक्षा जवळचं नातं! माणूस लाखात एक. फक्त निळा.

गेल्या वर्षी निळे जिंकले. तेव्हा या लाखात एक माणसाने पिवळं खोकं चौघांच्या खांद्यावर दिलं, आपल्या तातीकामावशीची काळी शाल डोक्यावरून घेतली आणि माझ्या दारासमोर तीन फेऱ्या मारल्या. "मला एकटीला टाकून कुठं गेलात हो, गरुडोबा!" असं छाती बडवून ओरडत होता. माझी बायको नूरिस, माझी लग्नाची बायको, खिडकीत पोट धरून हसत होती! त्याच दिवशी मी ठरवलं, पुढच्या वर्षी असा सूड घ्यायचा की या माणसाने निळा धागासुद्धा सुईत ओवता कामा नये.

या वर्षी गरुड आणि वाघ तीन-तीन सामने जिंकून बरोबरीत आले. सातवा, निकालाचा सामना रविवारी चार वाजता सांतियागोला. अनसेल्मोला तिकीट मिळालं. शनिवारी तो मुद्दाम माझ्या दुकानात आला.

"कोम्पाद्रे, उद्या रडायला रुमाल आहे का? नसेल तर शिवून देतो."

"स्वतःसाठी शिव. जरा मोठा शिव, चादरीएवढा!"

"तुमच्या त्या कोंबड्या उडतात तरी का रे?"

"तुझ्या मांजरांना म्हणावं, आधी पकडून दाखवा!"

"सहा वर्षांपूर्वीसारखी? तो गडी नाबाद होता, हे आता तरी कबूल कर."

हा आमचा जुना वाद. सहा वर्षांपूर्वी शेवटच्या चेंडूवर वाघांचा एक गडी धुरळ्यात घसरत आला, पंचांनी नाबाद दिला आणि आम्ही मालिका हरलो. मी म्हणतो बाद, तो म्हणतो नाबाद. आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीही आम्ही चर्चच्या पायरीवर यावर भांडलो होतो.

"बाद होता! मरेपर्यंत बादच म्हणणार!" मी म्हणालो. तो शीळ वाजवत गेला.

तो गेला आणि मी कोपऱ्यातल्या पेटीवरचं गोणपाट काढलं. काय वर्णू तुम्हाला! उरलेल्या महोगनीची, माणसाच्या मापाची, पितळी कड्यांची. गडद निळा रंग, वर पॉलिश. खांदेकऱ्यांना वजन जाणवावं म्हणून आत लाकडाचे ओंडके घातले आणि झाकण खिळे ठोकून पक्कं बंद केलं. नूरिसला सांगितलं होतं, गिऱ्हाईकाचं कपाट आहे. एक पाटीही रंगवली होती, 'निळ्या वाघांचं दुःखद निधन', पण तिचा रंग वाळेना. म्हटलं, राहू दे, शेवटचा गडी बाद झाला की लावू.

रविवारी नऊपैकी पाचव्या डावाअखेर आम्ही पाच, ते एक! आता काय उरलं होतं? सगळी गल्ली टीव्हीसमोर, बायका चर्चमध्ये पाचच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, तातीकामावशीही तिकडेच. मी पेटी हातगाडीवर घातली, अनसेल्मोच्या रिकाम्या घरी नेली आणि पुढच्या पडवीत दोन स्टुलांवर ठेवली. चार कोपऱ्यांना चार मेणबत्त्या. सुतक कुणाचं हे समजावं म्हणून पेटीवर अनसेल्मोचा फोटो, बाप्तिस्म्याच्या दिवशीचा, सूट घातलेला. तो हसत नाही असा जगात एवढाच फोटो आहे, कारण त्याआधी पाच मिनिटं आम्ही भांडलो होतो. दोन पावलं मागे सरून मी पाहिलं. माझ्याच हातचं काम, पण मला गहिवरून आलं!

घरी येऊन पुन्हा टीव्हीसमोर बसलो. आणि आठव्या डावात निळ्यांनी चार धावा ठोकल्या. पाच-पाच! तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे लाईट जायला वेळकाळ लागत नाही, पण त्या दिवशी मात्र तिने मुहूर्त काढला होता.

कोपऱ्यावरच्या चेपेच्या दुकानात बॅटरीचा रेडिओ आहे. तिकडे धावायला चप्पल शोधतोय, तर दारात नूरिस! डोळे लाल, बाहीने नाक पुसतेय.

"एलिहिओ, बस खाली. मन घट्ट कर. आपला अनसेल्मो गेला!"

"सांतियागोला गेलाय. तिकीट होतं त्याच्याकडे."

"देवाघरी गेला रे! महामार्गावर बस उलटली. घरी आणूनसुद्धा ठेवलाय. इतकी वाईट अवस्था आहे की झाकण खिळ्यांनी बंद केलंय, तोंडसुद्धा बघू देत नाहीत!"

"कोण म्हणतं बस उलटली?"

"सगळेच म्हणतायत! आणि अशी सुंदर पेटी मी जन्मात पाहिली नाही. बिचाऱ्याला शेवटी तरी चांगली वस्तू मिळाली."

इथे खरं म्हणजे मी लगेच बोलायला हवं होतं. पण जन्मात पहिल्यांदा नूरिस माझ्या कामाला सुंदर म्हणाली होती. मी एक क्षण थांबलो आणि त्या एका क्षणाने माझा घात केला.

जाऊन बघतो तर पडवी फुललेली! मिस्सेहून परतणाऱ्या बायकांनी पेटी पाहिली, मेणबत्त्या विझल्यात असं समजून पेटवल्या. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी आल्याचा चहा ठेवला. अनसेल्मो सांतियागोला गेलेला, झाकणाला खिळे, मग कुणीतरी बस उलटवलीच. फ्रिजच्या खोक्याला कुणी फसलं नसतं हो! माझ्या पॉलिशने फसवलं! चेपेने रेडिओ बंद करून दुकानाला फळ्या लावल्या होत्या, कारण गल्लीत मयत असताना आमच्याकडे रेडिओ लावत नाहीत. आणि तातीकामावशी, जिने अनसेल्मोला आईविना वाढवलं, ती माझ्या गळ्यात पडली.

"एलिहिओ, माझं पोर गेलं रे!"

"मावशी, ऐक, त्या पेटीत..."

"नको सांगूस! मला नाही ऐकवणार!"

"अगं, तो त्यात नाहीच!"

"खरंय बाबा," ती हुंदका देत म्हणाली, "शरीर काय, नुसतं मडकं. आत्मा केव्हाच वर गेला."

मी चेपेला बाजूला घेतलं. "चेपे, माझा मोठा घोळ झालाय. ही पेटी..."

"घोळ तर झालाच," चेपे कुजबुजला. "नववा डाव चालू असेल रे! पण विचारू कुणाला? मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकलीय की रेडिओला हात लावायची छाती नाही."

मग माझ्या लक्षात आलं, पडवीतल्या प्रत्येकाच्या हातात जपमाळ होती आणि प्रत्येकाचा कान रस्त्याकडे. पिवळे, निळे, सगळे तळमळत होते. 'नमो मारिया' म्हणता म्हणता मध्येच एखादा मान वाकडी करून ऐकायचा. आणि अचानक गावातून भोंग्यांचा आवाज उठला! गाड्या, मोटारसायकली, भांडी, सगळं वाजायला लागलं. सामना संपला होता. पण जिंकलं कोण? भोंग्याला रंग नसतो! जपमाळा जागच्या जागी थांबल्या. तातीकामावशीने डोळे वटारले आणि जप पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच मोठ्याने.

एवढ्यात कुणीतरी सांगितलं, अनसेल्मोच्या न्यूयॉर्कच्या बहिणीला फोन गेलाय, ती विमानतळावर निघाली. आणि नेमके फादर सेवेरीनो माझा हात धरून म्हणाले, "तू त्याचा कोम्पाद्रे. दोन शब्द बोल."

म्हटलं, हीच संधी! उभा राहिलो, खाकरलो. "मित्रहो, अनसेल्मो..." आणि समोर मावशीचा चेहरा दिसला. म्हणून मी आधी थोडं चांगलं बोलायचं ठरवलं. म्हटलं, पुरात माझं दुकान बुडालं तेव्हा हा माणूस तीन दिवस माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात उभा होता. माझ्या मुलीचा पहिला झगा त्याने जागून शिवला. सांगायला लाज वाटते, पण तो जिवंत आहे हे ठाऊक असूनही मला खरंच रडू फुटलं! हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललोच नव्हतो. आणि रडण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं, "आणि सहा वर्षांपूर्वीचा तो गडी... नाबाद होता हो!"

"काय म्हणालास?"

आवाज फाटकातून आला. फाटकात अनसेल्मो! हातात निळी टोपी, तोंड उतरलेलं. जी किंकाळी उठली म्हणता! दोन बायका भोवळल्या, फादरनी क्रूस उंचावला, चेपे टेबलाखाली. तातीकामावशी तेवढी पुढे झाली. आधी तिने त्याचे गाल चाचपले, मग मुके घेतले, आणि मग पायातली चप्पल काढून त्याला बडवला.

"मेला नाहीस तर आधी सांगायचं नाही होय रे!"

अनसेल्मोने पेटी पाहिली. फोटो पाहिला. पितळी कड्या पाहिल्या, आणि मग माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या गावात अशी पेटी करणारा मीच, हे त्याला सांगावं लागलं नाही. आता हा मला काय करतो या धास्तीने मी डोळे मिटले. पण बोललं भलतंच कुणीतरी. जमावातून एकदम वीस-पंचवीस आवाज उठले, "ते राहू दे! जिंकलं कोण?"

अनसेल्मो शांतपणे पेटीजवळच्या खुर्चीत बसला. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला.

"मेलेली माणसं बोलतात का कधी?"

"अरे अनसेल्मो, अंत पाहू नकोस!"

"अंत? माझा झालाय की! फोटो बघा. हां, कोम्पाद्रे मघाशी काहीतरी म्हणत होता, ते पुन्हा ऐकलं तर कदाचित जीव येईल."

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. मी आधी पेटीची हकिकत कबूल केली. नूरिसने माझ्याकडे असं पाहिलं की पुढची निजायची सोय दुकानात आहे हे मला कळलं. मग मी म्हणालो, "तो गडी नाबाद होता."

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"नाबाद होता!"

"आणि मी कसा माणूस आहे?"

"लाखात एक!" मी ओरडलो. "तुझ्यासारखा कोम्पाद्रे जगात नाही! आता तरी सांग रे बाबा, जिंकलं कोण?"

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. टोपी चाचपली आणि मान खाली घातली.

"मला काय माहीत! आम्ही पाच-एक असे मागे होतो, तुझं तोंड बघावं लागायच्या आत घरात शिरावं म्हणून सातव्या डावातच उठून बस पकडली."

काय सांगू त्या क्षणी माझं काय झालं! सहा वर्षं जपलेला गडी मी फुकटात नाबाद दिला होता! मी त्याच्या गळ्याला हात घालणार, इतक्यात कोपऱ्यावरून भोंगा वाजवत एक उघडा ट्रक आला. आम्ही सगळे फाटकाशी धावलो, फादरही. ट्रकवर पंधरा-वीस पोरं नाचत होती. सगळी निळी.

अनसेल्मोला क्षणभर कळेचना. मग त्याने मला मिठी मारली, कारण सगळ्यात जवळ मीच उभा होतो. आपल्या संघाचा विजय अर्धवट सोडून आलेला तो आणि नववा डाव जपमाळेत घालवलेला मी, दोघेही हसतही होतो आणि रडतही होतो. मग तो पेटीकडे वळला, तिच्यावरून अगदी पारखी हात फिरवला आणि गोड आवाजात विचारलं, "कोम्पाद्रे, दुकानात पिवळा रंग आहे ना रे?"

होता. मिरवणूक निघायला मात्र दीड तास उशीर झाला. दोन हात द्यावे लागले. निळ्यावर पिवळा एका हातात बसत नाही.