जवळची खूण

आमच्या कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जात नाहीत, त्या एसटीने येतात. कंडक्टर त्यांना अर्धं तिकीट देतो. स्टँडवरून चालत त्या पडताळणीच्या खिडकीशी उभ्या राहतात आणि केळुसकरबाई त्यांचा एकेक रकाना नियमावलीशी ताडून बघतात. पास झालेली ऑर्डर गोदामात माझ्याकडे येते, नापास झालेली परतीची गाडी धरते. यात वावगं काही नाही. डोकं फिरतं ते नियमावलीमुळे.

हिंगणवाडीच्या हॉस्पिटलची ऑर्डर डायलिसिसच्या फिल्टरसाठी आली होती. बाईंनी ती खिडकीतूनच परत ढकलली.

"पत्त्यात जवळची खूण नाही. तो रकाना सक्तीचा आहे."

"म्याडम, गावात हॉस्पिटल हीच खूण हाय," ऑर्डर म्हणाली. "बाकी समदी आपल्या पत्त्यात हॉस्पिटलजवळ असं लिवत्यात."

"मग तूही तेच लिही."

तिने लिहिलं. खिडकीतल्या पडताळणीच्या यंत्राने लाल दिवा लावला. कोणतीही वस्तू स्वतःच्या जवळ असू शकत नाही, असा नियम निघाला. मग तिने मारुतीचं देऊळ लिहिलं. यंत्राने नकाशा काढून देऊळ दुसऱ्या वाडीत असल्याचं दाखवलं. हॉस्पिटलच्या चारी बाजूंना माळ होता आणि माळ ही खूण धरत नाहीत.

"डायलिसिसवाल्या नलवडे गुरुजींचं अंग सुजलंय," ऑर्डर म्हणाली. "फिल्टर संपल्यात. जिल्ह्याला नंबर लागंना."

"रुग्णाची स्थिती असा रकानाच नाही आपल्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा माझ्याकडे होता.

फिल्टरची खोकी माझ्या पाठीशी रचलेली होती. मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "माणूस मरतोय. माल द्या आणि खूण मागाहून भरून घ्या."

"शिंत्रे, अवैध ऑर्डरीवर माल सोडला तर पडताळणीला अर्थ काय राहिला?" साहेब म्हणाले. "आणि आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. कुणीतरी दार लावून घेतलं, एवढाच फरक पडला.

ऑर्डर परत गेली. नंतर पुन्हा आली, पुन्हा गेली. कंडक्टर तिला आता नावाने ओळखू लागला होता. गावाने नियम बदलण्यासाठी विनंती पाठवली, तर ती विनंतीही खूण नाही म्हणून नापास झाली. मग बरेच दिवस कुणीच आलं नाही.

त्यानंतर ऑर्डर आली ती सुतकातल्यासारखी आली. बाईंनी रकाना मोठ्याने वाचला, "कैलासवासी नलवडे गुरुजी स्मारकासमोर." हॉस्पिटलच्या दारासमोर गावाने चौथरा बांधला होता आणि ग्रामपंचायतीने तो नकाशावर चढवला होता. हिरवा दिवा लागला.

"बघा, मनावर घेतलं की होतं," बाई म्हणाल्या.

मी खोकी टेम्पोत चढवली. शेवटचं खोकं मी आपटलंच, मुद्दाम, बाईंना ऐकू जाईल असं. टेम्पो त्याच दिवशी पोचला. ड्रायव्हरला पत्ता सापडायला काही त्रास झाला नाही, हिंगणवाडीच्या फाट्यावर उतरून त्याने विचारलं, "हॉस्पिटल कुठंय?"