बेचाळीस मिनिटांचं विमान

नानांनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला, तो पट्टीवर ताणला आणि जाहीर केलं, "दोनशे दहा किलोमीटर! विमानाचा वेग तासाला तीनशे. म्हणजे बेचाळीस मिनिटं. त्रेचाळिसाव्या मिनिटाला मी धावपट्टीवर उभा!"

"तिकिटावर दीड तास लिहिलंय, नाना," लेक म्हणाली.

"लिहिणाऱ्यांचं काय जातंय? उशीर झाला तर बोलणी बसू नयेत म्हणून वाढवून ठेवतात!"

लेकीनं पिशवी भरायला घेतली. नकाशा कचेरीत अडतीस वर्षं रेघा मारलेल्या माणसाशी अंतरावरून वाद घालायचा, म्हणजे न्हाव्याला वस्तरा शिकवायचा!

पण त्या दिवशी वेळेवर पोचणं खरंच गरजेचं होतं. नानांच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन संध्याकाळी पाचला होतं. लहानपणापासून तिच्या प्रत्येक आजारपणात उशाशी दादाच बसलेला. तिनं डॉक्टरांना बजावलं होतं, "दादा आल्याशिवाय मी टेबलावर आडवी होणार नाही. बळंच झोपवलंत तर उठून बसेन!"

अठरा आसनांचं विमान दहाला उडालं. नाना खिडकीकडे बघेनात, ढगांकडे बघेनात. नजर मनगटावर. एकेचाळीस... बेचाळीस... आणि चाकं जमिनीला टेकली!

"काय सांगितलं होतं!" नाना शेजाऱ्याच्या कानात ओरडले. शेजारी दचकून जागा झाला आणि पुन्हा झोपला. बाकीचेही ढिम्म हलेनात. 'आळशी लेकाचे!' असं मनाशी म्हणत नाना पिशवी काखोटीला मारून, लढाई जिंकलेल्या सेनापतीसारखे उतरले. पाय मोकळे करायला चालले असतील, असं समजून कुणी अडवलंही नाही.

एका खोलीच्या विमानतळावर एक बाई टपालाची पोती मोजत होत्या.

"हॉस्पिटल कुठल्या बाजूला, हो?"

"हॉस्पिटल? इथं दवाखानासुद्धा नाही, काका. इथं फक्त टपाल उतरतं."

"मग माणसं?"

"माणसं पुढच्या विमानतळावर."

नाना गर्रकन वळले. त्यांचं विमान दिमाखात आकाशात चढत होतं.

"पुढचं विमान?"

"गुरुवारी."

"अहो, आज पाचला माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे!" म्हणत नाना मटकन पोत्यावर बसले. त्यांचा चेहरा बघून बाईंनाच दया आली. त्यांनी टपालाच्या जीपवाल्याला हाक मारली. "काकांना डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात सोड. बहिणीचं ऑपरेशन आहे."

"साडेपाच तास लागतील," जीपवाला म्हणाला.

"अहो, सरळ रेषेत जेमतेम नव्वद किलोमीटर असेल!"

"सरळ रेषेत रस्ता असता, तर मी दर सहा महिन्यांनी टायर कशाला बदलले असते? बसा!"

डोंगराला एकशे चाळीस वळणं होती. नानांनी मोजली. शंभरच्या पुढची डोळे मिटून.

पावणेपाचला ते हॉस्पिटलात शिरले, तेव्हा भुवयांवर बोटभर धूळ होती आणि कोटाला टपालाचा डिंक. धाकटी हिरवी टोपी घालून खाटेवर ताठ बसलेली. दोन नर्स आणि डॉक्टर तिची मनधरणी करून थकलेले.

"दादा! कुठं होतास रे? डोळे लागले वाटेकडे!"

साडेपाच तासांत नानांनी भक्कम कारणं जुळवली होती. धुकं. वारा. बिघडलेला पंखा. पण तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि सगळी कारणं कुठल्या कुठं गेली.

"अगं, भलत्याच ठिकाणी उतरलो. माझा हिशोब चुकला."

धाकटी बघतच राहिली. मग तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला.

"डॉक्टर, माझा गुडघा राहू दे. आधी दादाला तपासा!"