काटकोन धरणारा माणूस

"महिनाअखेर चारातलं एक टेबल कमी करायचंय," असं मॅडमनी सोमवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा ड्रॉइंग ऑफिसातल्या तिघांनी एकदम गुण्याकाकांकडे पाहिलं. गुण्याकाकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

काकांना गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, म्हणत, कारण त्यांच्या हातून कधी वाकडी रेघ गेली नव्हती. सरळही फार गेल्या होत्या असं नाही. दुसरे तीन नकाशे उरकत तोवर काकांचा एक कोपरा होई, पण असा होई की त्यावर पाणी ठेवलं तर सांडायचं नाही. छप्पन्नाव्या वर्षी टेबल गेलं की माणूस घरी जातो, आणि घरी बायको असते. काकांना दोन्ही गोष्टींचा विचार करवेना.

त्यांचा सगळा वेळ खाई तो काटकोन. ड्राफ्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काटकोनाचं एक सेटिंग असतं. ते चालू केलं की रेघ एकतर आडवी जाते नाहीतर उभी. बंद केलं की जिकडे ओढाल तिकडे. ते बदलायला ऑफिसात सगळेच एका यादीत शिरत, तिथून दुसऱ्या यादीत, तिथून तिसरीत. काकांनी दिवसभरात ते एकशे बारा वेळा केलेलं मोजलं आणि ठरवलं, यावर एक प्रोग्राम लिहायचा. एक बटण दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मॅडम बघतच राहतील.

"पंखा चालू-बंद करायला तुम्हाला मला हाक मारावी लागते," बायको म्हणाली, "आणि तिकडे बटणाचा शोध लावताय?"

"तुला नाही कळायचं. हे तर्काचं काम आहे."

"मग दुसऱ्या कुणाला तरी द्या."

आठ दिवस खपून काकांनी चार ओळी लिहिल्या. चालू असेल तर बंद कर. बंद असेल तर चालू कर. एवढंच. इतका निर्मळ विचार आजवर कुणाच्या डोक्यात आला नसेल, या खात्रीने त्यांनी तो सगळ्यांना भेट दिला. ऑफिसातली चारही यंत्रं एकाच सामाईक सेटिंगवर चालत, म्हणजे सगळ्यांच्या नकाशांचा तोंडवळा एक राही. काटकोन तेवढा आजवर ज्याचा त्याच्या यंत्रापुरता होता. काकांनी चार ओळी त्या सामाईक सेटिंगातच ठेवल्या आणि प्रत्येकाच्या कीबोर्डवरच्या एका बटणावर लाल टिकली चिकटवली.

आता यात काय घडणार हे तुमच्या-माझ्यासारख्याला लगेच कळलं असतं. पण ती सगळी शिकलेली माणसं होती.

मंगळवारी जिनेवाली बाई एका डॉक्टरच्या दवाखान्याचा गोल जिना काढत होती. ती जिन्यांशिवाय काही काढत नसे. काकांनी भिंत सरळ करायला बटण दाबलं, आणि बाईंचा जिना वळता वळता एकदम आडवा सुटून खिडकीतून बाहेर पडला. बाईंनी चष्मा पुसला आणि बटण दाबलं. तिकडे पाइपवाल्याचं सांडपाणी सरळ चाललं होतं, ते तिरकं होऊन रुग्णांच्या बाकांखालून डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत पोचलं. पाइपवाल्याने माउस आपटला आणि बटण दाबलं. मोजमापं लिहिणारा बंडू हे काही न समजता अधूनमधून दाबतच होता. कधी दोघं एकाच क्षणी दाबत. मग काहीच होत नसे, म्हणून दोघं पुन्हा दाबत आणि पुन्हा काहीच होत नसे.

दोन दिवस सगळे आपापल्या नशिबाला बोल लावत होते. तिसऱ्या दिवशी पाइपवाला उठून उभा राहिला.

"बाई, तुम्ही आत्ता बटण दाबलंत?"

"दाबलं. का?"

"माझी गटारगंगा वाकली."

"आणि मघाशी माझा जिना पसरला, तो तुम्ही?"

"मी नाही, बंडूने."

"मी?" बंडू म्हणाला. "मी तर फक्त तपासत होतो, बटण चालतं का ते."

तिघांनी पुन्हा काकांकडे पाहिलं. यावेळी काकांनी मागे वळून पाहिलं नाही. भिंत तिथे आहे हे त्यांना माहीत झालं होतं.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांना सगळं सांगायला अर्धा तास लागला, कारण चौघं एकदम सांगत होते. प्रोग्राम काढून टाकणं सोपं होतं. पण मॅडमना व्यवस्थापनाची आवड होती. "तिघांच्या टिकल्या काढा," त्या म्हणाल्या. "बटण एकाच टेबलावर राहील. काका दाबतील. ज्याला हवं त्याने हाक मारायची."

म्हणून नवी रीत पडली. जिनेवाली ओरडे, "काका, काटकोन सोडा!" काका बटण दाबून म्हणत, "सोडला!" पाइपवाला ओरडे, "धरा!" काका म्हणत, "धरला!" दोघं एकदम ओरडू लागले तसं वेळापत्रक आलं: अर्धा तास सरळ, अर्धा तास वाकडं. काकांना मध्ये स्वतःची रेघ ओढायला सवडच उरली नाही. त्यांचं ड्रॉइंग बंडूकडे गेलं.

महिनाअखेरीला डॉक्टर आपला दवाखाना बघायला आले. त्यांच्या देखत "धरा!" झालं, "धरला!" झालं.

"हे काय करतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटकोन बघतात," मॅडम म्हणाल्या.

"फक्त काटकोन? त्यासाठी वेगळा माणूस?" डॉक्टर इतके भारावले की त्यांनी घराचं कामही तिथेच दिलं. मॅडमनी टेबल कमी करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. उलट काकांना दाराजवळचं मोठं टेबल मिळालं, आल्या-गेल्याला दिसेल असं.

तीन महिन्यांनी वार्षिक तपासणीला सॉफ्टवेअरवाल्या बाई आल्या. काकांचं यंत्र उघडून पाहता पाहता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, तुमचा हा प्रोग्राम गेले सहा आठवडे बंद आहे."

"हळू बोला हो!" काका खुर्चीसकट पुढे सरकले. "माहितीये मला. मीच बंद केला."

"तुम्ही?"

"एका दुपारी डोळा लागला आणि कोपर बटणावर पडलं. जागा झालो तर यंत्राचा पडदा चालू-बंद, चालू-बंद नुसता फडफडत होता. घाबरून प्रोग्रामच काढला. सांगणार होतो, देवाशप्पथ. तेवढ्यात जिनेवाल्या बाई ओरडल्या 'सोडा', मी सवयीने म्हटलं 'सोडला', आणि त्या म्हणाल्या, 'छान.' मग कसं सांगणार?"

"मग यांची कामं होतात कशी?"

"तेच तर मला सहा आठवडे कळत नाहीये. एक चूक नाही हो! पूर्वीपेक्षा बरं चाललंय."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "काका, कीबोर्डच्या सगळ्यांत वरच्या ओळीतलं एफ-आठ बटण. काटकोनाला ते पहिल्यापासून दिलेलंच आहे. ज्याचं त्याच्यापुरतं चालतं."

"वरची ओळ?" काका दचकले. "जुने मास्तर सांगून गेलेत, त्या ओळीला हात लावला की फाइल उडते. या ऑफिसात तिला कुणी शिवत नाही."

"जिनेवाल्या बाईंचा मला केव्हाच फोन आला होता. त्यांना सांगितलं मी. मग पाइपवाल्यांचा आला, मग बंडूंचा. प्रत्येकाचं एकच: कुणाला बोलू नका, आमच्या काकांचं टेबल आहे त्याच्यावर."

काकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मॅडमना ठाऊक नाही ना?"

"त्यांचा फोन सगळ्यांत आधी आला होता. डॉक्टर येऊन गेले, त्याच संध्याकाळी." बाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. "आता यात काय लिहू, ते सांगा."

काका विचार करू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून जिनेवालीची खणखणीत हाक आली, "काका, सोडा!"

काका ताठ बसले. त्यांनी बोट उचललं, लाल टिकलीवर ठेवलं, आणि दाबलं. "सोडला!"

तीन टेबलांवरून तीन बारीक आवाज आले: टक्, टक्, टक्.

"लिहा," काका म्हणाले, "यंत्रणा उत्तम चालू आहे."