चार काचा, एक हँडल

माणसाचा हात सरासरी बहात्तर सेंटिमीटर लांब असतो आणि मोटारीत त्याला हवी असलेली वस्तू नेहमी त्र्याहत्तराव्या सेंटिमीटरवर असते. हे सत्य मोरोक्कोच्या राजधानीतल्या, म्हणजे रबातमधल्या, थोरामोठ्यांना पटलं, तेव्हा तातडीने 'प्रवासी हस्तसुलभता मंडळ' स्थापन झालं. मंडळात अकरा सदस्य होते. (पैकी नऊ जणांना गाडी आणि ती चालवणारा माणूस, दोन्ही फुकट होतं; त्यामुळे मोटारीतल्या बटणांबाबत त्यांचं मन अगदी निःपक्षपाती होतं.)

मंडळाने त्रेचाळीस प्रश्नांचा तक्ता तयार केला. ज्या टॅक्सीला चाळीसपेक्षा कमी गुण पडतील ती भंगारात जाईल आणि मालकाला नवी कोरी गाडी मिळेल, असं ठरलं. या कृपेचा पहिला मान सेफ्रू ते फेस मार्गावरच्या सी बूसलहाम या टॅक्सीवाल्याला मिळाला. ('सी' म्हणजे तिकडचं 'राव'.)

सी बूसलहामची जुनी जर्मन गाडी एकतीस वर्षं धावत होती. पुढे दोन प्रवासी, मागे चार, आणि उरलेल्या जागेत तो स्वतः. चार दारांना मिळून काच खालीवर करायचं हँडल मात्र एकच होतं. (एक तुटलं, एक चोरीला गेलं आणि एक मेव्हण्याने 'दोन दिवसांसाठी' नेलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.) हे एकुलतं एक हँडल सी बूसलहामच्या झग्याच्या खिशात असे. ज्याला वारा हवा त्याने मागावं, सी बूसलहामने आरशातून त्याच्याकडे नीट पाहावं, विचार करावा आणि मग द्यावं, अशी रीत होती. पद नाही, शिपाई नाही, शिक्का नाही, तरी अठ्ठावीस किलोमीटरपुरता तो माणूस सरकार होता. गाडी गेली तर आपल्याकडे कुणी काही मागणार नाही, या विचाराने तो रात्री उठून खिशातलं हँडल चाचपून पाही.

चेरीच्या हंगामात मंडळाचे अभियंते नौफल स्कल्ली टेप घेऊन आले. तपासणी चालत्या गाडीत आणि भरल्या गाडीत व्हावी असा नियम असल्याने ते पुढच्या सीटवर मधोमध बसले. (प्रश्न ७: गिअरपासून गुडघ्याचं अंतर? उत्तर: नाही.) मागे लल्ला ताम्मू, म्हणजे ताम्मूबाई, बसली होती. दर गुरुवारी लेकीकडे जाणारी ही म्हातारी मांडीवर मुरवलेल्या तुपाची बरणी घेऊन होती आणि बरणीचं झाकण सैल होतं.

"लल्ला, काय मेलंय गं त्या बरणीत?" शेजारच्या तरुणाने विचारलं.

"मेलं नाही, मुरलंय. तीन वर्षं! तुझ्या लग्नात असलं तूप वाढलं होतं का?"

"लग्न झालंय कुठे माझं!"

"मग आधी नाही का सांगायचं? फेसमध्ये माझी भाची आहे. बूसलहाम, हँडल दे रे बाबा, जावयाचा जीव घुसमटतोय."

"किती उघडणार?" आरशातून प्रश्न आला.

"अर्धी."

"अर्धी नको हो," पलीकडे बसलेले एक मास्तर कळवळले. "कान ठणकतोय माझा."

"चार बोटं," सी बूसलहामने निकाल दिला. हँडल हातोहात मागे गेलं, काच चार बोटं उतरली, हँडल परत आलं.

स्कल्लीसाहेबांनी प्रामाणिकपणे नोंद केली. नियंत्रण आणि वापरणाऱ्याचा हात यांतलं अंतर: शून्य सेंटिमीटर. (ते हातातच दिलं जातं.) चुकून भलतंच बटण दाबण्याचे प्रसंग: शून्य. हरकती: एक, चार बोटांवर मिटली. इतर: एक लग्न जमण्याच्या मार्गावर. बेचाळीस प्रश्नांत बेचाळीस गुण पडले. इतके गुण रबातमध्ये खुद्द मंडळाच्या गाडीलाही पडले नव्हते. (तिच्यात काच उघडायला पडद्यावर पाच वेळा बोट लावावं लागे आणि चौथ्या वेळी डिकी उघडत असे.)

मग त्रेचाळिसावा प्रश्न आला: चारही दारांना हँडल आहे काय? (उत्तर 'नाही' असल्यास आधीचे गुण ग्राह्य धरू नयेत.)

"साहेब, एकात सगळं भागतंय ना?" सी बूसलहाम म्हणाला.

"भागतंय. फार सुंदर भागतंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली.

गाडी भंगारात गेली. सी बूसलहाम तिथे उभा राहून रडला. (तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.) हँडल तेवढं खिशात राहून गेलं.

नव्या गाडीत प्रत्येक दाराला काचेचं स्वतंत्र बटण होतं. ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा वाटेल तेवढी काच उघडू लागला. पहिल्या आठवड्याचा हिशेब असा: उडालेले रुमाल तीन, सर्दी सहा, भांडणं नऊ, जमलेली लग्नं शून्य. सी बूसलहामला कुणी काही मागेना. आरशात प्रवासी बघायचं कारणच न उरल्याने त्याला त्यात मागून येणारे ट्रक दिसू लागले आणि तो उगाच घाबरू लागला.

आठव्या दिवशी त्याला स्वतःच्या दारावर, डाव्या हाताला, चारही काचांच्या चार बटणांशेजारी एक पाचवं बटण सापडलं. ते दाबलं की बाकीच्यांची बटणं मुकी होत. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दाबलं.

"अरे, काच खाली येत नाही," मागून लल्ला ताम्मूचा आवाज आला.

"बिघडली असेल. नव्या गाड्या या, भरवसा नाही."

"मग हँडल दे ना!"

आता या गाडीच्या दाराला हँडल बसवायला भोकसुद्धा नव्हतं. पण एकतीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात खिशात गेला. हँडल मागे गेलं. चर्चा झाली, कुणाचा तरी कान निघाला, चार बोटांवर समझोता झाला. लल्ला ताम्मूने हँडल गुळगुळीत दारावर टेकवून अडीच वेळा गर्रकन फिरवलं. सी बूसलहामच्या डाव्या हाताचं बोट स्वतःच्या दारावरच्या बटणाकडे हळूच सरकलं आणि काच चार बोटं उतरली.

"हां, आता कसं!" लल्ला म्हणाली. पुढच्या गुरुवारी तिने भाचीची सुपारी फुटल्याची बातमी दिली.

सहा महिन्यांनी स्कल्लीसाहेब फेरतपासणीला आले. त्यांनीही हँडल मागितलं. सी बूसलहामने ते दिलं आणि डाव्या हाताचं बोट बटणावर ठेवलं. साहेबांनी हँडलाचं मोकळं टोक बराच वेळ न्याहाळलं, मग दारावर टेकवून फिरवलं. काच उतरली. साहेबांनी तोंड वाऱ्याकडे केलं, डोळे मिटले आणि तक्त्यात लिहिलं: 'सुरळीत.' महिन्याभरात मंडळाचं परिपत्रक निघालं. प्रत्येक नव्या टॅक्सीत चालकाच्या खिशात चौदा सेंटिमीटर लांबीचं, काळ्या रंगाचं, कशालाही न जोडलेलं एक हँडल असणं बंधनकारक झालं.

हे वाचून आपल्याला हसू येणं साहजिक आहे. हसून झालं की एवढंच सांगा: गाडी दुसरं कुणी चालवत असतं, आपण शेजारी बसलेले असता आणि समोर अचानक ट्रक येतो, तेव्हा आपला उजवा पाय जीव खाऊन दाबत असतो, ते नेमकं काय असतं? (आणि गाडी वेळेवर थांबते, तेव्हा ती कुणी थांबवली असं आपल्याला वाटतं?)