बाळा मेस्त्रींचा चोरकप्पा

गुळगुळीत दाढी करून बाळा मेस्त्री सलूनमधून घरी परतले, तेव्हा त्यांचं कपाट जागेवर नव्हतं.

जाणार होतंच ते. उद्याच्या विमानाने मेस्त्री आयर्लंडला निघाले होते. लेक दीप्ती तिथे कॉर्कमध्ये नर्स, तिच्या बाळंतपणाला बायको रत्नप्रभा आधीच गेलेली, आणि नातीचं बारसं आजोबांसाठी अडवून ठेवलेलं. मुलुंडच्या घरातलं सामान वाटून झालं होतं. सागवानी कपाट वरच्या मजल्यावरच्या कर्णिकांना द्यायचं होतं. "रिकामंच आहे, कधीही न्या," असं मेस्त्री स्वतःच म्हणाले होते. चंद्रप्रकाश कर्णिकांना आज फ्रिज चढवायला आलेली माणसं आयती सापडली, किल्ली शेजारी होती, आणि कपाट वर गेलं. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. फक्त कपाट रिकामं नव्हतं, हे मेस्त्रींना आत्ता आठवलं. व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट चोरकप्प्यात होता.

मौल्यवान वस्तू हातात आली की ती चोरकप्प्यात ठेवायची, ही त्यांच्या हाताची सवय. डोक्याला विचारायची पद्धत नव्हती.

हा चोरकप्पा म्हणजे मेस्त्रींच्या कारागिरीचा कळस. खालच्या फळीमागे एक लाकडी खुंटी, ती दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पट्टी सरकवायची. बिल्डिंगमध्ये घरोघरी त्यांनी केलेली कपाटं होती आणि जवळपास प्रत्येकात असा एक कप्पा होता. घरातला कर्ता पुरुष ऑर्डर देताना हळूच म्हणायचा, "मेस्त्री, तेवढं ते करा. पण हिला कळता कामा नये." मेस्त्री गावच्या वेतोबाची शपथ घ्यायचे. कर्णिकांच्या जुन्या कपाटात केसांचा कलप असायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या भीमराज सावंतांना डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, त्यांच्या कप्प्यात फरसाण असायचं. "तुमच्या सागवानात फरसाण महिनाभर कुरकुरीत राहतं हो," असं सावंत सांगायचे, तेव्हा मेस्त्रींची छाती फुगायची. कर्णिकांची कलपाची बाटलीही म्हणे संपता संपायची नाही. मेस्त्रींच्या स्वतःच्या कप्प्यात पूर्वी तंबाखू असायची. पण ती सवय त्यांनी निव्वळ मनोनिग्रहाच्या जोरावर, चिमूट चिमूट कमी करत सोडली होती. त्याबद्दल ते अजूनही लोकांना थांबवून थांबवून सांगत.

मेस्त्री धावतच वर गेले. शुभा कर्णिकांनी कपाटात साड्यांच्या थप्प्याही लावल्या होत्या.

"बघा मेस्त्री, काय झकास दिसतंय!"

"दिसतंय खरं," मेस्त्री म्हणाले आणि चंद्रप्रकाशना गॅलरीत ओढून कानात सगळं सांगितलं. चंद्रप्रकाशचा चेहरा पडला.

"अहो, हळू बोला! हिच्यासमोर कप्पा उघडलात तर ती पहिली माझ्या जुन्या कपाटाला हात घालेल. वाट लागेल माझी. थांबा, मी तिला बाहेर काढतो." आणि आत जाऊन त्यांनी सुचलं ते ठोकून दिलं. "शुभा, तू जरा बाहेर थांब. मेस्त्री म्हणतायत, कपाटाला वाळवी लागलीय."

मेस्त्रींच्या काळजात चर्र झालं. त्यांच्या सागवानाला वाळवी! पण पासपोर्टसाठी त्यांनी मान डोलावली. उभ्या आयुष्यात स्वतःच्या कामाची अशी बदनामी त्यांनी कधी केली नव्हती.

"अगंबाई!" शुभाताई बाहेर वगैरे गेल्या नाहीत. त्या दारात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "चेतना, ए चेतना! मेस्त्रींच्या कपाटांना वाळवी लागलीय गं!"

ही बातमी जिन्यात फिरायला कितीसा वेळ लागणार? चेतना सावंत कणकेच्या हातानेच खाली आल्या. मागून सावंत आले. मग इतर मजल्यांवरच्या बायका आल्या आणि त्यांच्या मागे त्यांचे नवरेही. बायकांच्या चेहऱ्यावर काळजी होती, नवऱ्यांच्या चेहऱ्यावर धास्ती.

"मेस्त्री, आमचंही बघा हं," चेतना म्हणाल्या. "तुम्ही उद्या निघालात. आजच फळी न् फळी सुटी करून बघा."

"फळी न् फळी कशाला?" सावंत मागून दोन्ही हातांनी मेस्त्रींना नको नको करत होते. "आपलं ठणठणीत आहे. मी रोज बघतो ना!"

"तुम्ही रोज काय बघता कपाटाच्या तळाशी?"

सावंत चंद्रप्रकाशच्या मागे सरकले.

"मी तर म्हणते, उगाच हा घोळ कशाला?" शुभाताई म्हणाल्या. "पेस्ट कंट्रोलवाला खाली बी विंगमध्येच आलाय. बोलावलंय मी त्याला. तो पाठच्या फळीला ड्रिलने भोकं पाडतो आणि आत औषध सोडतो. एकदाचं काम फत्ते."

पाठची फळी! मेस्त्रींच्या डोळ्यांसमोर पासपोर्टला आरपार भोक पडलं आणि त्यातून औषध गळायला लागलं. भोकाच्या पासपोर्टवर विमानात कोण घेणार? पाळण्यात नात बिननावाची पडून राहणार. जिन्यात ड्रिलवाल्याची पावलं वाजली तसं मेस्त्रींनी शपथ, वेतोबा, सगळं बाजूला ठेवलं आणि साड्यांच्या थप्पीखालून कपाटात मुंडी घातली. खांद्यापर्यंत ते आत गेले. एका हाताने त्यांनी खुंटी दाबली. पट्टी मात्र पावसाळी हवेने फुगून बसली होती.

तेवढ्यात पलंगावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. शुभाताईंनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पडद्यावर रत्नप्रभा दिसली.

"शुभा, हे खंय आसत?"

"कपाटात आहेत वहिनी. म्हणजे अर्धे. कपाटाला वाळवी लागलीय."

"वाळवी? ह्येंच्या कपाटाक? कायतरीच!" मग रत्नप्रभाने कपाळावर हात मारला. "मेल्या माझ्या कर्मा! पासपोर्ट चोरकप्प्यात ऱ्हवलो?"

कपाटाच्या आत मेस्त्रींचा हात खुंटीवरच गारठला.

"तुका," आतून घुमणारा आवाज आला, "तुका चोरकप्पो ठाऊक आसा?"

"लग्न झाला त्याच वर्साक ठाऊक झालो. तंबाखूचो वास काय लपता? रोज एक चिमूट काढून टाकी मी. वाईच वाईच करून सुटली तुमची."

मेस्त्रींचा मनोनिग्रह त्या कपाटात गतप्राण झाला.

चंद्रप्रकाशनी हळूच बायकोकडे पाहिलं. "शुभा, म्हणजे तुला..."

"रत्नप्रभावहिनींनी आम्हाला सगळ्यांना केव्हाच दाखवलंय. खुंटी दाबायची, पट्टी सरकवायची," शुभाताई म्हणाल्या. "कलप संपत आला की त्याच बाटलीत नवा भरून ठेवते मी. नाहीतर तुम्ही कुठलं तरी स्वस्तातलं आणाल आणि डोक्याला खाज सुटेल."

"आणि यांचं फरसाण," चेतना म्हणाल्या, "दर रविवारी बदलते. बिनमिठाचं करून देतो आमचा फरसाणवाला. शिळं खाल्लं तर पोट कोण सांभाळणार?"

"बिनमिठाचं?" सावंत हबकले. "तरीच आताशा चव लागत नाही!"

बायका हसायला लागल्या, मग नवऱ्यांनाही हसण्यावाचून इलाज राहिला नाही. कपाटाच्या आत मात्र मेस्त्री हसत नव्हते. फरसाण कुरकुरीत ठेवणारं त्यांचं सागवान नव्हतं आणि तंबाखू सोडवणारे ते स्वतः नव्हते. इतकी वर्षं ज्या गुपितांवर ते पहारा देत होते, ती सगळ्या बिल्डिंगला पाठ होती. त्यांना फार एकटं वाटलं. त्याच तिरमिरीत त्यांनी पट्टीला एक जोरदार हिसका दिला आणि ती सरकली.

पासपोर्ट कोरडा ठाक होता. मेस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर शुभाताईंची पैठणी होती.

"जाऊ द्या," त्यांनी दारातल्या ड्रिलवाल्याला सांगितलं. "माझ्या लाकडाला वाळवी लागत नाही." निदान एवढं तरी खरं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग ते फोन घेऊन गॅलरीत गेले. पडद्यावर रत्नप्रभाच्या खांद्यावर कापडाचं एक इवलंसं गाठोडं झोपलं होतं.

"रागावलात?" तिने विचारलं.

"इतक्या वर्सांत एकदा तरी सांगूचा होता."

"सांगितलंय असता तर तुमी दुसरीकडे लपवला असतात. माका परत शोधूचा लागला असता." मग ती हळू आवाजात म्हणाली, "हयल्या कपाटात कायच नाय ओ. उघडलंय की नुसते कपडे. करमणा नाय माका. येवा बेगीन."

मेस्त्रींनी पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. मग ते जरा चढ्या आवाजातच बोलले.

"त्या कपाटाची मापां घेऊन ठेव. पण सांगून ठेवतंय, ह्या टायमाक कप्पो खंय करतलंय, ता तुका सांगूचंय नाय."

"नकात सांगू," रत्नप्रभा म्हणाली. "आधी तरी खंय सांगितलेलात?"